हात लागला की हात वर

गांगुर्डे सर येत आहेत हे आम्हाला आधी नाकाने कळायचं. त्यांचा उजवा गुडघा जुन्या दुखण्याचा. त्याला ते दिवसातून दोनदा बाम चोळायचे. कापूर आणि निलगिरीचा तो उग्र वास जिन्यातून वर यायचा, मग बुटांचा आवाज आणि त्यानंतर सर. निळा ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, खिशात ती बामची चपटी डबी. आमच्या विद्यापीठाचे ते क्रीडा संचालक. मी परीक्षा विभागात अधीक्षक. एकाच आवारात वर्षानुवर्षं काम करून आमचा संबंध होता तो फक्त खेळाडूंच्या फेरपरीक्षेच्या अर्जापुरता. ते अर्ज सर कधी वेळेत आणायचे नाहीत आणि वेळ टळली की मी ते कधी घ्यायची नाही. आमचं फारसं जमत नव्हतं, असंच म्हणायला हवं.

आम्हाला एका टेबलाशी आणलं ते साथीने. पहिली लाट जरा ओसरली आणि शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलसाठी वसतिगृह अर्धं उघडायचं ठरलं. मुलांची तपासणी, कोणी बाधित निघालं तर त्याची वेगळी सोय, जेवणखाण या सगळ्यासाठी समिती नेमली गेली. समितीत नावं बरीच होती, पण रोज हजर राहणारी माणसं दोनच. याद्या करायला मी आणि रांगा लावायला सर.

याद्या करणं हा माझा स्वभाव आहे. किराण्याची, औषधांची, पाहुण्यांना काय सांगायचं नाही याची, सगळ्याची माझ्याकडे यादी असते. पहिल्या दिवशी मी सरांच्या हातात मुलांची यादी ठेवली. ती त्यांनी उलटसुलट पाहिली आणि परत दिली. म्हणाले, "बोरस्ते मॅडम, कागदावरचा माणूस पळत नाही. मैदानावरचा पळतो. तुम्ही नावं सांभाळा, मी पाय सांभाळतो."

आणि त्यांनी फक्की मागवली. मैदानावर रेघा मारायचा पांढरा चुना. तपासणी व्हरांड्यात करायचं आमचं ठरलेलं होतं. सरांनी ते मोडलं आणि टेबल मैदानात, लिंबाखाली नेलं. एक चिमूट फक्की हवेत उडवून ती कुठे जाते ते पाहिलं आणि नर्सची खुर्ची अशी मांडली की वारा तिच्या पाठीकडून यावा. मग गुडघा धरून वाकत त्यांनी हातानेच वर्तुळं आखली, एकापासून दुसरं चांगलं लांब. मुलं आल्यावर सवयीने शिट्टी तोंडाकडे नेली. ती मास्कवर आपटली. मुलं हसली, सरही हसले. त्या दिवसापासून ती शिट्टी गळ्यात नुसतीच लोंबायची. काम टाळीवर चालायचं.

सरांचा जन्म सटाण्याजवळच्या गावातला. मराठी शुद्ध बोलायचे, पण रागावले किंवा गहिवरले की अहिराणीवर जायचे. आयुष्यभर कबड्डी खेळले आणि शिकवली. त्यांच्या मैदानावर एक नियम होता, तो विद्यापीठात सगळ्यांना पाठ होता. हात लागला की हात वर. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा स्पर्श पुष्कळदा इतका निसटता असतो की तो पंचाला दिसत नाही. लागला की नाही हे ज्याला लागला त्यालाच ठाऊक असतं. सरांचं म्हणणं, अशा वेळी पंचाकडे पाहायचं नाही. आपणच हात वर करायचा आणि बाहेर जाऊन बसायचं.

या नियमापायी त्यांनी एकदा हातात आलेला कप घालवला. विभागीय स्पर्धेचा शेवटचा सामना, गुण बरोबरीत, शेवटची चढाई समोरच्यांची. आमच्या मुलाच्या दंडाला त्याची बोटं लागून गेली. पंचांना दिसलं नाही आणि मुलगा गप्प उभा राहिला. सरांनी उठून सामना थांबवला, पंचांना सांगितलं की आमचा गडी बाद आहे, आणि आम्ही हरलो. सामना पाहायला खुद्द कुलगुरू आले होते. त्यांनी नंतर नाराजीने विचारलं, तेव्हा सर म्हणाले, "साहेब, कप कपाटात राहतो. पोरगं बाहेर जगात जातं."

तपासणी सुरू झाली तेव्हा आमची अडचण नेमकी हीच होती. हात लागलेला कोणी हात वर करत नव्हतं. मुलं तापाच्या गोळ्या घेऊन रांगेत यायची आणि कपाळ गार दाखवायची. कारणं खोटी नव्हती. बाधित निघालं तर प्रॅक्टिकल बुडणार, म्हणजे वर्ष जाणार. गावात बातमी गेली तर घराला पत्रे ठोकतील. चांदवडकडची एक मुलगी नाकात काडी घालून घ्यायलाच तयार होईना. तिच्या वडिलांचा कांदा त्याच आठवड्यात लासलगावला जायचा होता. ती रडत म्हणाली, आमच्या ट्रॅक्टरजवळ लिलावाला कोणी उभं राहणार नाही.

त्या दुपारी सर माझ्या केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. आत येत नसत, दारापासूनच बोलायचे. म्हणाले, "मॅडम, बाद म्हणजे मेला नाही. आपल्या गड्याने गुण घेतला की बाद झालेला परत आत येतो. म्हणून तर पोरं हात वर करतात. तुम्ही यांना परत आत घेणार आहात का? नसाल, तर हात वर करा असं मी कोणत्या तोंडाने सांगू? नियम अर्धा सांगून चालत नाही."

मला ते पटलं. बाधित विद्यार्थ्यांचं प्रॅक्टिकल नंतर घ्यायचं, कागदोपत्री कारण फक्त 'वैद्यकीय' लिहायचं आणि घरी काय कळवायचं ते विद्यार्थ्याला विचारून ठरवायचं, असं टिपण करून मी सही आणली. सरांनी ते मैदानात वाचून दाखवलं, दोनदा. दुसऱ्या दिवसापासून हात वर होऊ लागले. चांदवडच्या मुलीचा पहिल्यांमध्ये होता. तिची तपासणी निर्दोष आली. तिने ते घरी कळवलंसुद्धा नाही.

आता सरांची चूक सांगते. अशी चूक फक्त सरांच्याच हातून होऊ शकली असती.

बोटाला लावायची ऑक्सिजनची यंत्रं तेव्हा आमच्याकडे पुरेशी नव्हती. सरांनी आपला उपाय काढला. सकाळी वसतिगृहासमोर उभे राहायचे आणि गॅलरीतल्या एकेका मुलाला एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणायला लावायचे. ज्याचा दम लवकर तुटेल त्याला टेबलाकडे पाठवायचं. बघायला मजा यायची. विज्ञान शाखेची चष्म्यातली मुलंसुद्धा ईर्ष्येला पेटायची. काही आजारी मुलं त्याने सापडलीही, त्यामुळे सरांचा त्यावर विश्वास बसला.

काशिनाथ गावित हा सुरगाण्याकडचा मुलगा, आमच्या संघाचा चढाईपटू. त्याचा दम असा की तो चढाईला गेला की समोरचा संघच धापा टाकायचा. एका संध्याकाळी तो सरांकडे आला आणि अंग मोडून येतंय म्हणाला. सरांनी त्याला दम धरायला लावलं. तो इतका वेळ म्हणत राहिला की सर हसायला लागले. म्हणाले, जा झोप, तुला काय धाड भरली आहे. टेबलाकडे त्याला पाठवलं नाही.

थोड्याच दिवसांत त्याची सगळी खोली खोकू लागली, मग शेजारची. त्याच्या खोलीतल्या एकाला प्राणवायू लावून मोठ्या इस्पितळात न्यावं लागलं. तो परत आला, पण दोन जिने चढायला त्याला पुढे कितीतरी दिवस मध्ये बसावं लागायचं. काशिनाथही बाधित निघाला, पण त्याला शेवटपर्यंत साधा ताप आला नाही. नर्सने सरांना समजावलं की पळणाऱ्या मुलाची छाती काहीच सांगत नाही. त्याला कळत नाही, आपल्यालाही कळत नाही, आणि आजार मात्र तो वाटत सुटतो. सर ऐकत होते. काशिनाथ लांबच्या वर्तुळात उभा होता. तो कोणाला दोष देत नव्हता, नुसतं सांगत होता. म्हणाला, "सर, मी तर हात वर केला होता."

सर खिशातली डबी काढून तिचं झाकण उघड-मीट करत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वसतिगृहासमोर सगळ्यांना गॅलरीत बोलावलं. स्वतः मैदानात मधोमध उभे राहिले आणि हात वर केला. म्हणाले, "काशिनाथने हात वर केला होता. पंच चुकला. आजपासून दम बंद. हात वर झाला की सरळ टेबल. मी नको म्हणालो तरी टेबल." मेसमधून पोळीच्या तव्याचा आवाज येत होता. मग टाळी वाजवून ते म्हणाले, चला, नाश्ता.

याच दिवसांत त्यांच्या घरी लग्न होतं. मेघना ही त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न टाळेबंदीत एकदा पुढे ढकललं गेलं होतं. आता मोजक्या माणसांत, म्हसरूळकडच्या एका छोट्या हॉलमध्ये करायचं ठरलं होतं. लग्नात विघ्न नको म्हणून सर आधीपासून घरी राहतच नव्हते. आमच्या आवारात रोज कोणीतरी बाधित निघत होतं. ते घरी न्यायला नको, म्हणून त्यांनी जिमखान्याच्या खोलीत खाट टाकली होती. कॅरमबोर्ड आणि भाल्यांच्या शेजारी. वहिनी रोज फाटकावर डबा ठेवून जायच्या. सर लांबून विचारायचे, बस्ता झाला का, पाहुण्यांची यादी कमी केली का. वहिनी म्हणायच्या, यादी करून तुमच्या मॅडमकडेच पाठवते, त्या बरोबर कापतील. मी खरंच कापून दिली. सरांच्या चुलत घराण्याचे पुष्कळ लोक माझ्यावर अजून रागावलेले असतील.

सरांचं स्वप्न साधं होतं. कन्यादानाला वहिनींच्या शेजारी पाटावर बसायचं. गुडघा दुमडत नव्हता, म्हणून ते रोज संध्याकाळी जिमखान्यात मांडी घालायचा सराव करायचे. मुलं खिडकीतून पाहायची आणि म्हणायची, सर, अजून थोडं खाली. सर म्हणायचे, तुझ्या लग्नात बघतो तू कसा बसतोस.

लग्नाच्या आदल्या सकाळी ते माझ्या दाराशी आले. जिन्यात वास आला, बूट वाजले, नेहमीसारखंच. हातात बामची डबी उघडी होती. दारातल्या स्टुलावर त्यांनी ती ठेवली आणि मागे सरकून उभे राहिले.

"मॅडम, जरा लांबूनच बघा. याला वास येतोय का? डबी जुनी झाली बहुतेक."

ती नवी होती. तिचा वास मला ते जिन्यात असतानाच आला होता. मी तसं सांगितलं.

सरांनी डबीकडे पाहिलं. मला ते नेहमी मॅडम म्हणत. त्या वेळी म्हणाले, "ताई, मग माले हात लागना." म्हणजे, मलाच हात लागला.

मीही खाली उतरले. ते पुढे, मी बरीच मागे. मैदानात त्यांचा फोन वाजला. सटाण्याहून धाकटा भाऊ. सरांनी फोन कानाला न लावता समोर धरला, त्यामुळे मला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या. सरांनी त्याला सांगितलं काय झालंय ते. भाऊ आधी हसला. म्हणाला, उन्हाळा लागतोय, नाक बंद होतं माणसाचं. मग विनवू लागला. उद्या संध्याकाळपर्यंत कोणाला सांगू नको, मास्क लाव, लांब बस, पण ये. वहिनीचा विचार कर. शेवटी म्हणाला, "दादा, तुन्हा दम पाह्य. तुले काही व्हयेल नही."

"दम पाहीसनच चुकनू मी," सर म्हणाले. दम पाहूनच तर चुकलो. एवढं बोलून त्यांनी फोन खिशात टाकला.

टेबलासमोर मुलांची रांग होती. नर्सने त्यांना पाहिलं आणि खूण केली की या पुढे. सर गेले नाहीत. शेवटच्या वर्तुळात जाऊन उभे राहिले, स्वतःच आखलेल्या. पुढची मुलं वळून पाहू लागली तेव्हा त्यांनी उजवा हात वर केला. त्यानंतर कोणी वळून पाहिलं नाही. रांग एकेका वर्तुळाने सरकत राहिली. मी फाटकाजवळ उभी होते आणि मला, काही कारण नसताना, पर्समधली पाहुण्यांची यादी हाताशी लागत होती.

तपासणीत ते बाधित निघाले. मोठ्या चाचणीनेही तेच सांगितलं. त्यांनी जिमखान्यातून आपली वळकटी उचलली आणि आवाराच्या टोकाला असलेल्या विलगीकरणाच्या इमारतीत गेले, जिथे काशिनाथ आणि इतर मुलं आधीच होती. मुलांनी त्यांना गॅलरीच्या बाजूची खाट दिली. त्या इमारतीच्या कुंपणापलीकडून पेठरोडला मिळणारा रस्ता जातो.

लग्न झालं. कन्यादान धाकट्या भावाने आणि त्याच्या बायकोने केलं. कन्यादानाला जोडपं लागतं, एकट्या वहिनींना बसता येत नव्हतं.

दुपार उतरताना नवरा-नवरीची गाडी त्या रस्त्यावर थांबली. मेघनाने मला आधी फोन केला होता, म्हणून मी कुंपणाच्या आतल्या बाजूला होते. ती उतरली. हिरवा शालू, मुंडावळ्या, आणि शालूच्याच कापडाचा शिवलेला मास्क. जावई मागोमाग उतरला. सर गॅलरीत आले. त्यांनी ट्रॅकसूटवरच फेटा बांधला होता. तो काशिनाथने टॉवेलाचा बांधून दिला होता, हे मला नंतर कळलं. मागे मुलं उभी होती, पण कोणी गलका केला नाही.

मेघना कुंपणाशी आली आणि तिथेच, डांबरी रस्त्यावर, शालू सावरत वाकून तिने नमस्कार केला. शेजारी जावयाने केला. सरांचा उजवा हात वर गेला. तो त्यांनी कितीतरी वेळ खाली घेतला नाही. मागे एकेका मुलाचा हात वर झाला.

वहिनी गाडीत बसून होत्या. मेघनाने काचेवर टकटक करून काही म्हटलं, तरी उतरल्या नाहीत. गाडी सुटायच्या आधी मात्र त्या दार उघडून बाहेर आल्या आणि गॅलरीकडे न पाहता मोठ्याने म्हणाल्या, "डबा धाडेल शे. जेवा." डबा पाठवलाय, एवढंच. आणि परत आत बसल्या.

सर त्या आजारातून सहज उठले. दुसरी लाट आली तेव्हा ते पुन्हा मैदानात होते आणि त्या वाईट दिवसांत आमच्या आवाराचं जे थोडं कमी वाईट झालं, त्याचं कारण ती पांढरी वर्तुळं होती असं मला वाटतं. वर्तुळं रोज नव्याने आखायचे सर. पाऊस नसला तरी पायांनी पुसली जातात म्हणायचे.

त्या लग्नाबद्दल ते एकदाच बोलले. चहा पीत होतो, लांब लांब बसून. मी म्हटलं, तुम्ही योग्यच केलंत. त्या हॉलमध्ये वराची आजी होती, व्याह्यांना मधुमेह होता. सर म्हणाले, ते सगळं खरं आहे. मग कप खाली ठेवून म्हणाले, "घरी आलो त्या दिवशी ही मला म्हणाली, बाद तुम्ही झालात, पाटावरून मला उठावं लागलं." पुढे म्हणाले, "एवढी वर्षं शिकवलं हात वर करा. हात वर केल्यावर शेजारच्याचं काय होतं, ते कधी शिकवलं नाही. मलाच माहीत नव्हतं."

 

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोपाचा कार्यक्रम रीतसर झाला: शाल, नारळ, भाषणं. काशिनाथ आला होता. तो आता पेठच्या शाळेत खेळाचा शिक्षक आहे. सभागृहातून बाहेर पडल्यावर सर एकटेच मैदानावर गेले. मध्यरेषेजवळ गुडघा धरून वाकले, बोटाने फक्की घेतली आणि कपाळाला लावली. सामन्याआधी लावायचे तशी.

वहिनी गाडीजवळ उभ्या होत्या. मी जवळ जाऊन शुभेच्छा दिल्या. त्या म्हणाल्या, सटाण्याला या, घराला मागे जागा आहे, पोरं जमवतीलच हे. एवढ्यात सर आले. पुढच्या सीटवर बसले, पाय लांब केला. वहिनींनी त्यांच्या खिशात हात घालून बामची डबी काढली, झाकण उघडलं आणि ती त्यांच्या नाकाशी धरली. कसलीही गंमत नसल्यासारखी, रोजचं काम असल्यासारखी. आणि त्या थांबल्या.

वास येतोय अशी सरांनी मान हलवली. मग वहिनींनी झाकण लावलं, डबी स्वतःच्या पर्समध्ये ठेवली आणि चालकाला म्हणाल्या, चला.